आमदाराच्या पीएनं पाहिलेली डॉना मॉस

प्रश्न असा आहे: 'मी दिग्रस तालुक्यातली. राज्यशास्त्रात बी.ए. केलं, दोन वर्षांपासून एका आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात बसते. "द वेस्ट विंग" ही अमेरिकन मालिका नुकतीच संपवली. त्यातली डॉना मॉस फोन उचलण्यापासून सुरुवात करते आणि शेवटी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीची चीफ ऑफ स्टाफ होते. असं खरंच होतं का? आपल्याकडे होईल का? मी इथंच राहू की निघू?'

ताई, मी याच यवतमाळ जिल्ह्यात एका आमदारांकडे बावीस वर्षं पीए होतो. भाऊ, म्हणजे ते आमदार, मधे एकदा निवडणुकीत पडले, तेव्हाही मी होतोच, फक्त मानधन नव्हतं. मालिका मी मुलीच्या लॅपटॉपवर पाहिली, खालच्या इंग्रजी ओळी वाचत, दर दोन मिनिटांनी थांबवत. ती वैतागायची. पण डॉना आली की मीच थांबवायला सांगायचो, कारण टीव्हीवर माझं काम करणारं माणूस मला पहिल्यांदाच दिसत होतं.

थोडक्यात सांगतो, मग पाल्हाळ लावतो. असं होतं. पण डॉना कामाची होती म्हणून वर गेली, असं तुम्हाला वाटलं असेल तर मालिका पुन्हा पाहा. कामाची होती म्हणूनच ती सहाव्या सीझनपर्यंत त्याच खुर्चीत बसली. निघाली तेव्हा वर गेली.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ॲरन सॉर्किननं रचलेली ही मालिका एनबीसीवर १९९९ ते २००६ अशी सात सीझन चालली. राष्ट्राध्यक्ष बार्टलेट आणि त्यांच्याभोवतीची माणसं, एवढाच पसारा. जोश लायमन हा डेप्युटी चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचा उपप्रमुख, आणि डॉना त्याची सहायक. ही भूमिका जनेल मलोनीची. पहिल्या सीझनला ती पाहुणी कलाकार होती, दुसऱ्यापासून मुख्य संचात आली. म्हणजे बढती पात्राच्या आधी नटीलाच मिळाली.

डॉना नोकरीत कशी शिरते ते आठवा. विस्कॉन्सिनमध्ये कॉलेज अर्धवट सोडलेलं, डॉक्टरकी शिकणाऱ्या मित्रासाठी राबलेली, त्यानं सोडल्यावर गाडी काढून थेट न्यू हॅम्पशायरच्या प्रचार कार्यालयात पोचलेली. कुणी बोलावलेलं नाही. जोशच्या टेबलाशी बसून त्याचाच फोन उचलते आणि तो आल्यावर म्हणते, मी तुमची सहायक. तो आधी उडवून लावतो, मग स्वतःच्या गळ्यातलं ओळखपत्र काढून तिच्या हातात देतो. हे पाहून मुलगी म्हणाली, 'बाबा, हे फिल्मी आहे.' मी म्हटलं, अगदी शंभर टक्के खरं आहे. माझी भरती अशीच झाली. मतदार याद्या फोडायला चार दिवस गेलो होतो. पाचव्या दिवशी फोन वाजला, जवळ कुणी नव्हतं, मी उचलला. आमदाराच्या ऑफिसात माणूस कामाला लागत नाही, तो सापडतो.

फक्त आपल्याकडे ओळखपत्र नसतं, लेटरपॅड असतं. ज्या दिवशी भाऊंनी कपाटाची किल्ली दिली आणि आत सह्या केलेले कोरे कागद होते, त्या दिवशी मी पीए झालो. ताई, तुमच्याही ड्रॉवरमध्ये असे कागद असतील. त्यावर शेवटी येतो.

लेटरपॅडची भाषा तुम्ही एव्हाना शिकला असाल. 'योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती' म्हणजे माणूस दारात आला होता, रिकाम्या हातानं पाठवता आला नाही. 'नियमानुसार तपासून केलेल्या कार्यवाहीचा अहवाल द्यावा' म्हणजे काम रास्त आहे, पाहा. आणि 'तात्काळ' लिहून अर्ध्या तासात मागून फोन गेला तरच ते तात्काळ. तहसीलमधला अव्वल कारकून सही पाहतच नाही. पत्रामागून फोन येतो का, आणि फोनवर आवाज कुणाचा, हे पाहतो. डॉनाच्या हातात असलेली सत्ता हीच. पद सहायकाचं, पण कोणता कागद जोशच्या टेबलावर वर ठेवायचा आणि कोणता खाली, हे तिच्याकडे. मालिकेत हे कुणी बोलून दाखवत नाही, पण लोक जोशकडे जायच्या आधी तिच्या टेबलाशी का थांबतात ते पाहा.

दुसरं, तिचे प्रश्न. सरकारकडे पैसा शिल्लक आहे तर माझा वाटा मला परत का देत नाही, असं ती पहिल्याच सीझनमध्ये जोशला विचारते. प्रेक्षकाला विषय कळावा म्हणून लेखकानं तिच्या तोंडी साधे प्रश्न घातलेत, हे उघड आहे. पण पीएचं कामही तेच आहे. ओट्यावर बसलेला म्हातारा विचारतो, 'पांदण रस्ता मंजूर झाला म्हणता, मंग बैलबंडी अजून फसतेच कशी?' तो प्रश्न तसाच्या तसा, म्हाताऱ्याच्याच शब्दांत, भाऊंच्या कानावर घालणं ही कला आहे. नवखा पीए त्याचा गुळगुळीत सारांश करतो आणि तिथंच फसतो.

तिकडचे लोक बोलत बोलत लांबच लांब बोळांतून चालतात. आपला बोळ म्हणजे बोलेरो. भाऊ पुढं, ड्रायव्हर शेजारी, मागं मधल्या जागेवर पीए, दोन फोन, मांडीवर डायरी. मागून फोन पुढं द्यायच्या आधी चार शब्दांत सांगायचं: कोण, गाव, काम, आपला की त्यांचा. 'उपसरपंच, डीपी जळाली, आपला पण नाराज.' डीपी म्हणजे विजेचं रोहित्र. एवढ्यात भाऊंचा आवाज ठरतो. माझ्या डायरीत गाववार पानं होती. कोणाची तेरवी कधी, कोणत्या घरी लग्न, कोणते दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. एका गावी सांत्वनाला गेलो, थोरल्याच्या घरी चहा घेतला आणि निघालो. धाकट्याचं घर चाळीस पावलांवर. दोन वर्षांनी प्रचारात तो सगळ्यांसमोर म्हणाला, 'तुमच्या भाऊले म्हणा, माहा बाप मेला तवा तुमची गाडी माह्या दारावरून गेली.' बाप दोघांचा एकच होता! चूक माझी, शिक्षा त्या बूथची. तेव्हापासून डायरीत एक खूण सुरू केली: दोन रेघा म्हणजे दोन्ही घरी जाणे.

आता मूळ मुद्दा. अशी डायरी ज्याच्याकडे आहे, त्याला कोणता नेता सोडेल?

मला मालिकेतला सगळ्यात खरा भाग वाटला तो बॉम्बस्फोटाचा नाही. पाचव्या सीझनच्या शेवटी डॉनाला पहिल्यांदा स्वतःच्या जबाबदारीवर शिष्टमंडळाबरोबर गाझाला पाठवतात, तिथं गाडीखाली स्फोट होतो, ती जबर जखमी होते. ते आहेच. पण खरं प्रकरण त्याच्या नंतरचं. ती जोशकडे फक्त जेवायला एक वेळ मागते, माझ्या पुढच्या कामाबद्दल बोलायचं आहे म्हणून. तो हो म्हणतो आणि पुढं ढकलतो. पुन्हा हो, पुन्हा पुढं. जोश दुष्ट नाही, हेच त्यातलं दुखणं. त्याला खरंच काम आहे, आणि ते काम वेळेवर होतं ते तिच्यामुळं. त्याच्या दिवसाचं वेळापत्रक तीच लावते. त्यात स्वतःसाठी अर्धा तास तिला लावता येत नाही. शेवटी ती सांगते, मी निघाले.

माझं जेवण धामणगावच्या रस्त्यावर हुकलं. २०१२ ची जिल्हा परिषद जवळ आली होती. आमच्या भागातला गट खुला सुटला होता. मला तिकीट मागायचं होतं. भाऊ मुंबईला निघाले, संध्याकाळची विदर्भ एक्सप्रेस, धामणगावहून. ठरवलं, बाभूळगाव गेलं की विषय काढायचा. बाभूळगावच्या अलीकडंच फोन आला, दिला. तो संपला तर दुसरा, मीच पुढं दिला, कारण महत्त्वाचा होता. तिसरा आला तेव्हा मी स्वतःलाच म्हटलं, गाढवा, हा कापून टाक. कापला नाही. फलाटावर गाडीचा दिवा दिसायला लागला तेव्हा बोललो. भाऊ हसले. म्हणाले, 'तुले जिल्हा परिषदेत काय करायचं आहे रे? तिथं गेला त तुलेच पीए लागन.' खांद्यावर थाप मारली आणि डब्यात चढले. मीच त्यांची बॅग आत दिली. तिकीट दुसऱ्याला गेलं, त्याचा अर्ज मी भरला, सूचक-अनुमोदकही मीच आणले.

मी निघालो नाही. डॉना निघाली. फरक तिथं आहे.

ती निघून कुठं गेली तेही पाहा. विरोधी पक्षात नाही. त्याच पक्षाचे उपराष्ट्राध्यक्ष रसेल राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे होते, त्यांच्या प्रचारात. तिथं ती टेबलामागून माईकसमोर आली. जोशही व्हाइट हाउस सोडतो आणि त्याच उमेदवारीसाठी सँटोस नावाच्या फारशा माहीत नसलेल्या खासदाराला उभा करतो. जोशचा इतिहासही असाच: सुरुवातीला तो होइन्स या आघाडीवरच्या सिनेटरकडं होता, तिथून उठून बार्टलेटकडं गेला. त्याला कुणी गद्दार म्हटलं नाही. निवडून आल्यावर होइन्स उपराष्ट्राध्यक्ष, जोश तिथंच, सगळे एका छताखाली.

आपल्या तालुक्यात असं करून पाहा. एका आमदाराचा पीए दुसऱ्या इच्छुकाकडं गेला की त्याच्या डायरीसकट गेला असं धरतात. भाऊ कोणाला काय बोलले, कोणाला किती दिले, कोणाच्या पोराची बदली कोणी केली, हे सगळं त्याच्या डोक्यात. ते डोकं घरी ठेवून जाता येत नाही. त्यामुळं चहाच्या टपरीवर त्याचं नाव निघालं की लोक आवाज खाली करतात. मालिकेनं हे हलकं घेतलं. म्हणजे खोटं दाखवलं असं नाही. तिकडं माणूस पक्षाच्या मोठ्या यंत्रणेत फिरतो, एका निवडणुकीतून दुसरीत जाणं हाच धंदा आहे. इकडं पीए यंत्रणेचा नसतो, एका माणसाचा असतो. विधिमंडळ एका स्वीय सहायकाचं मानधन देतं, तेही आमदारकी आहे तोवर. आमदाराला पुढं निवृत्तिवेतन आहे, खासगी पीएला नाही. मंत्र्याकडं खासगी सचिव, विशेष कार्य अधिकारी अशी पदं असतात, पण तिथं बहुतेक सरकारी नोकरीतली माणसं बसतात.

मग आपल्याकडं कुणी वर गेलंच नाही का? गेले. दिलीप वळसे पाटील शरद पवारांचे स्वीय सहायक होते, १९९० मध्ये आंबेगावातून आमदार झाले, पुढं मंत्री, विधानसभेचे अध्यक्ष. देवेंद्र फडणवीसांचे पीए राहिलेले अभिमन्यू पवार २०१९ मध्ये औशातून निवडून आले. उद्धव ठाकरेंचे मिलिंद नार्वेकर २०२४ मध्ये विधान परिषदेवर गेले. आणि आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, आर्वीतून, फडणवीसांकडे काम केलेले सुमीत वानखेडे २०२४ मध्ये आमदार झाले. ही नावं शेजारी शेजारी ठेवा. नेता तिकीट मागणारा नाही, तिकीट देणारा आहे. जो स्वतःच तिकिटासाठी मुंबई-दिल्लीला रांगेत उभा राहतो, तो तुम्हाला काय देणार? आणि दुसरं, ही चारही नावं पुरुषांची आहेत. ते तुमच्याही लक्षात आलं असेल.

म्हणून तुमच्यासाठी वेगळं बोलतो. मालिकेत जोश आणि डॉनाचं काय होतं याची लोक सात सीझन वाट पाहत होते. आपल्याकडं मुलगी आमदाराच्या गाडीत दोनदा दिसली की सातव्या दिवशी बस स्टँडवर निकाल लागलेला असतो. हे चूक आहे, पण आहे. आमच्या ऑफिसात एक ताई होत्या. त्यांनी पहिल्याच महिन्यात भाऊंना सांगितलं, दौऱ्यावर येईन तर महिला आघाडीची एक जण सोबत असेल, नाहीतर मी ऑफिसच सांभाळते. भाऊ आधी चिडले. मग दौऱ्यात दोन बाया असल्यानं घरातल्या चुलीपर्यंत पोच होते हे दिसलं, आणि पुढच्या वेळी त्यांनीच विचारलं, 'ताई येऊन राह्यल्या नं?' आम्हा पुरुषांना जे बैठकीत कधी कळत नव्हतं, ते त्या न्हाणीघराशेजारी उभ्या राहून ऐकून यायच्या. एका गावात नळाला पाणी येतं असा सरपंचाचा दावा होता. त्या आत गेल्या, रांजणाच्या तळातला गाळ पाहिला आणि बाहेर येऊन भाऊंच्या कानात एवढंच म्हणाल्या, 'टँकरचं आहे.'

डॉनाला जे दार नव्हतं ते तुम्हाला आहे. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण २०११ पासून आहे. तुमचा पंचायत समितीचा गण किंवा गावचं सरपंचपद महिलेसाठी सुटण्याची शक्यता निम्मी. हो, ते तिकीट बहुतेक वेळा कुणाच्या तरी बायकोला जातं, नवरा सह्या करतो, हे मला तुम्ही सांगायची गरज नाही. पण अशा वेळी पक्षालाही एखादी फाइल वाचणारी बाई सापडत नसते. तेव्हा तुमचं नाव कुणाच्या तरी तोंडी यायला हवं, आणि ते भाऊंच्या सांगण्यावरून नव्हे, तुमच्या कामावरून.

त्यासाठी एक विषय स्वतःच्या नावावर करा. सगळं करणारा पीए कुणाच्या लक्षात राहत नाही, डीपीवाला पीए राहतो. माझा विषय तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी, म्हणजे सभागृहात मंत्र्यांकडून उत्तर मागायची साधनं. डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन लागलं की आमदार निवासातल्या एका खोलीत मतदारसंघातले बारा-चौदा जण झोपलेले, कुणाला गॅलरीचा पास हवा, कुणाच्या पेशंटला मेडिकलमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्यात, भरती करायचं, आणि मी खाटेच्या कोपऱ्यात उशी मांडीवर घेऊन मजकूर लिहायचो. २०१७ ला आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. त्या वेळी गावोगाव जाऊन कोणी कोणतं औषध कशात मिसळून मारलं, तोंडाला काय बांधलं होतं, पंप कोणता होता, हे मी लिहून आणलं. भाऊ सभागृहात बोलले ते त्यातलंच. कामकाजात नाव भाऊंचं. पण तेव्हापासून दुसऱ्या तालुक्यातले आमदार मला नावानं ओळखू लागले. भाऊंची मुदत संपली तेव्हा मला ज्या दोन ठिकाणी विचारणा झाली, ती त्या कागदांमुळं, बावीस वर्षांच्या सांत्वन भेटींमुळं नव्हे.

निघायचं असेल तर निवडणुकीच्या वर्षात निघू नका. निकालानंतरचे सहा महिने बरे. भाऊ जिंकले असतील तर मन मोठं असतं, पडले असतील तर खर्च कमीच करायचा असतो. भाऊंना बोलायला गाडी निवडू नका, माझं काय झालं वाचलंत. सकाळी सातला घरी जा, वहिनींसमोर बोला, फोन दुसऱ्याच्या हातात असू द्या.

आणि निघाल्यावर तोंड. रसेलच्या प्रचारात असताना डॉना सँटोसवर तुटून पडलेली असते, तेव्हा ते तिचं कामच होतं. सँटोसला उमेदवारी मिळते, ती जोशकडं काम मागायला येते आणि तो नाही म्हणतो. का? तिनंच काढलेली वाक्यं त्याच्याकडं जमवून ठेवलेली असतात. मन नसताना तो ती तिला ऐकवतो. पुढं ती परत येते, सँटोसची प्रवक्ती होते, तो निवडून आल्यावर त्याच्या पत्नीच्या कार्यालयाची प्रमुख होते. पण तो एक प्रसंग मी मुलीला तीनदा लावायला सांगितला. आपल्याकडं वाक्यं जमवायला माणूस ठेवावा लागत नाही, व्हॉट्सॲपचे ग्रुप ठेवतात. निघालेल्या दिवशी सगळ्या ग्रुपांतून बाहेर पडा, पण 'भाऊंचे आभार' एवढं लिहून. त्यापुढं एक अक्षर नको, कुणी डिवचलं तरी.

आता ते कोरे कागद. आजच ड्रॉवर उघडून मोजा. दोन वर्षांत तुमच्या हाताखालून गेलेला प्रत्येक सहीचा कागद कुठं गेला, ते आठवेल तेवढं एका वहीत लिहा. निघाल तेव्हा उरलेले भाऊंच्या हातात द्या, ड्रायव्हरच्या नाही, पुतण्याच्या तर अजिबात नाही, आणि त्याच वहीत त्यांची सही घ्या. मी निघताना अकरा परत केले. भाऊंनी मोजले आणि म्हणाले, 'बारा होते.' मी दोन महिने तो बारावा शोधत होतो. शेवटी तो त्यांच्याच देवघरात सापडला, पंचांगात खूण म्हणून घातलेला.